धोंडीआप्पा कीबोर्डात कुठं बसलेत?

हे खरं तर मी सांगायचं नाही. अब्बांनी बजावून ठेवलंय, “दुकानातलं दुकानात!” आमचं दुकान म्हणजे बँडचं दुकान. शिरूरला एसटी स्टँडकडून बाजारात जाताना भिंतीवर ट्रम्पेटं टांगलेली दिसतात, तेच. त्याच रस्त्यावर आणखी बँडपार्ट्यांची दुकानं आहेत, आणि एका पार्टीनं काढलेली युक्ती दुसऱ्या पार्टीला कळली, की पुढच्या लग्नसराईत ती सगळ्या तालुक्यात वाजते. म्हणून आमच्याकडे प्रॅक्टिस शटर ओढून होते. वाद्याला काही नवीन जोडलं, की त्यावर फडकं टाकतात.

पण किस्से साठायचे ते साठतातच. पावसाळ्यात लग्नं नसतात. सगळे दुकानात बसून चिंचेनं पितळ घासत असतात. हात कामात गुंतले की तोंडं मोकळी! मी कोपऱ्यात अभ्यासाला बसते. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे मी तिथं आहे हेच सगळे विसरतात. नववीचा भूगोल डोक्यात गेला नाही, एवढे किस्से गेले.

आधी माणसं सांगते. अब्बा पार्टीचे मालक. बाबूचाचा हे अब्बांचे चुलते, सगळ्यांत म्हातारे, क्लॅरोनेट वाजवतात. धोंडीआप्पा निमोण्याचे. त्यांच्या वडलांची मेंढरं होती, आता शेती आहे, आणि ते आमच्याकडे ट्रम्पेट वाजवतात. सलीमभाई माझा मोठा भाऊ. घरी आम्ही आमची बोली बोलतो, पण दुकानात आप्पांमुळे सगळे मराठीच बोलतात. बाबूचाचा तर रागात असोत की खुशीत, मराठीच!

आणि भांडण कशाचं तेही सांगते. दिवाळीनंतर भाईनं पुण्याहून कीबोर्ड आणला. त्यात क्लॅरोनेटचा आवाज होता. बटण दाबलं की झालं! अब्बा दोन दिवस त्याकडे नुसते बघत राहिले आणि मग सगळ्यांसमोर बोलले, “चैत्रात खुटबावच्या यात्रेत कीबोर्ड पार्ट्यांची स्पर्धा हाय. सलीम पहिला आला, तर पुढच्या सीझनपासून कीबोर्ड. क्लॅरोनेट बंद. न्हाई आला, तर कीबोर्ड पुण्याला परत.”

सगळ्यांनी बाबूचाचांकडे पाहिलं. ते क्लॅरोनेटच्या तोंडाशी लावायची वेताची पत्ती ब्लेडनं तासत होते.

“बरं,” एवढंच म्हणाले. पण हातातली पत्ती चिरली.

*

हा किस्सा माझ्या जन्माच्या आधीचा. दौंडला एक वरात रेल्वेच्या पुलाखालून चालली होती. पुलाखाली बाबूचाचांचा आवाज घुमून त्यांच्याकडे परत आला. त्यांना तो इतका आवडला, की त्यांना तसाच आवाज उघड्या मैदानात हवा झाला. आता मैदानात पूल कुठून आणायचा?

त्यांनी धोंडीआप्पांच्या गळ्यात तांब्याची घागर बांधली. आप्पांनी वरातीच्या बरंच मागून चालायचं, ट्रम्पेटचं तोंड घागरीत घालायचं, आणि बाबूचाचांनी ओळ वाजवली की तिचं शेपूट तेवढं हळूच वाजवायचं. पुढच्याच लग्नात हा प्रयोग केला. म्हणे असा काही आवाज झाला, की नाचणारे थांबून मागं बघायला लागले!

तेवढ्यात वरबाप धावत आला. “ओ मास्तर, तुमच्या मागं कुणीतरी तुम्हाला वेडावतंय! आधी त्याला हाकला!”

चार पोरांनी आप्पांना घागरीसकट धरून आणलं. आप्पा ओरडतायत, “मी पार्टीतलाच हाय, ह्यांना इचारा!” पण गर्दीत दुसऱ्या पार्टीचा माणूस उभा होता. बाबूचाचांनी आप्पांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “कोण हाय बाबा ह्यो?”

आप्पा अजून म्हणतात, “तवाच कळलं, ह्यो माणूस युक्तीपायी मला बाजारात उभा करंल!”

*

तर भाईनं कीबोर्ड आणला त्या दिवशी तो सगळ्यांना एकेक बटण दाखवत होता. “आता हे बघा, इको. हे जुन्या वाद्यांत नसायचं.” त्यानं एक सूर वाजवला. सूर थांबला, आणि पाठोपाठ तोच सूर बारीक होत लांब गेला.

बाबूचाचा उठले. कीबोर्डाच्या मागं गेले, खाली वाकून बघितलं, वायर उचलून बघितली.

“काय शोधताय चाचा?” भाईनं विचारलं.

“धोंडीला कुठं बसवलाय आत?”

आप्पा पितळ घासता घासता म्हणाले, “आत बसायला जागा आसंल तर मी जातो. पाय दुखत्यात आता!”

सगळे हसले. भाई हसला नाही. त्याला वाटलं, चाचा त्याच्या नव्या कीबोर्डची थट्टा करतायत. आणि चाचांना वाटलं, घागरीची गोष्ट भाईला अजून थट्टाच वाटते. दोघंही त्या दिवशी जेवायला उशिरा आले.

*

फाटक्या आवाजाचा किस्सा छोटा आहे.

बाबूचाचांनी एकदा क्लॅरोनेटच्या नळीला एक जादा भोक पाडलं आणि त्यावर विडीच्या बंडलाचा पातळ कागद चिकटवला. फुंकलं की कागद थरथरायचा आणि आवाज चिरफळ्या उडाल्यासारखा यायचा. पहिल्याच वरातीत नवरीच्या आजीनं त्यांना बाजूला बोलावून आलं घातलेला काढा पाजला. “मास्तर, तुमच्या वाद्याला सर्दी झालीया.” चाचांनी काढा पिऊन पुन्हा तसंच वाजवलं!

आता यंदाचं ऐका. भाई एका संध्याकाळी कीबोर्डावर कसलं तरी बटण फिरवत होता. आवाज असा फाटला, की अब्बा हातातला चहा टाकून धावत आले. “बंद कर! बंद कर! स्पीकर उडाला! पुण्याला फोन लाव, बिघडलेला माल दिलाय त्यानं!”

बाबूचाचा दारात पाय पसरून बसले होते. मान न वळवता म्हणाले, “फाटला न्हाई रं. पोरानं फाडलाय.”

भाईनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

*

निमोण्याचं इंजिन तर सगळ्यांना पाठ आहे.

निमोण्यात वरात निघायच्या वेळी आमच्या ताशेवाल्याला ताप भरला. ताशाशिवाय वरात कशी काढायची? सगळे बसले डोकं धरून. जवळच्या विहिरीवर कुणाचं तरी डिझेल इंजिन चालू होतं. टुक, टुक, टुक, टुक. बाबूचाचा थोडा वेळ ऐकत राहिले, मग नवरदेवाच्या मामाला म्हणाले, “वरात विहिरीवरनं न्या.”

इंजिनवाल्याशी काय बोलणं झालं ते आप्पांना ठाऊक. चाचांनी डावा हात वर केला की तो इंजिन पळवायचा, खाली केला की हळू. टुक टुकवर क्लॅरोनेट, त्यावर ट्रम्पेट, आणि उसाच्या कडेला पोरं अशी नाचली की म्हणे पाट फुटला!

मग डिझेल संपत आलं. टुक... टुक... टुक... चाचाही तसेच हळू हळू होत गेले, नाचणारेही तसेच हळू झाले, आणि इंजिन बंद पडलं तेव्हा सगळे एक पाय वर करून उभे!

नवरदेवाचा काका ओरडला, “आरं, तुमचा ताशेवाला दमला वाटतं! त्याला च्या पाजा कुणीतरी!”

हा किस्सा सांगताना अब्बांच्या डोळ्यांत हसून पाणी येतं. दर वेळी येतं. बाबूचाचा मात्र या किस्स्याला कधी हसत नाहीत. एकदाच बोलले होते, तेही चिंचेचा कोळ कालवता कालवता, “ती हळू व्हायची जागा पुन्यांदा काय घावली न्हाई.”

*

माघात दौंडला एक मोठं लग्न होतं. कीबोर्ड वरातीत कसा चालतो ते अब्बांना स्पर्धेआधी बघायचं होतं, म्हणून त्या दिवशी क्लॅरोनेटला सुट्टी दिली आणि कीबोर्ड हातगाडीवर चढवला. बाबूचाचा गाडीबरोबर नुसते चालत होते. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. एकदा पाठीमागं बांधायचे, एकदा खिशात घालायचे.

मीही गेले होते, नवरी माझ्या मैत्रिणीची बहीण होती म्हणून.

भाई छान वाजवत होता. लोक खूश होते. पण थोड्या वेळानं एक गंमत व्हायला लागली. नाचणारे एकेक करून बाहेर पडायला लागले. कुणी गुडघ्यावर हात ठेवून वाकलेला, कुणी रस्त्याच्या कडेला बसलेला. नवरीचे मामा अंगानं चांगले भरदार. ते घामानं निथळत गाडीपाशी आले आणि भाईचा सदरा धरून म्हणाले, “मास्तर, मेलो की! जरा थांबव बाबा, मला लग्नाचं जेवायचंय अजून!”

भाईला काही कळेना. लय तर नेहमीचीच होती.

घरी येताना टेम्पोत बाबूचाचा म्हणाले, “सलीम, तुझं यंत्र श्वास कवा घेतं?”

“त्याला श्वास लागत नाही चाचा. तोच तर फायदा!”

“त्याला लागत नसंल. नाचणाऱ्यानं कवा घ्यायचा? मी जवा दम घ्यायला थांबतो, तवा समदी वरात श्वास घेती.”

 दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर शटर अर्धं खाली. मी वाकून आत गेले. भाई कीबोर्डावर बसलेला, आणि बाबूचाचा त्याच्या मागं उभे, एक हात त्याच्या पाठीवर. जिथं श्वास घ्यायचा तिथं ते पाठीवर बोटं टेकवायचे, आणि भाई कीबोर्डावरचे हात उचलायचा. अब्बांची चप्पल बाहेर वाजली तसे चाचा पटकन बाजूला होऊन केरसुणी शोधायला लागले!

मला रात्रभर एकच प्रश्न पडला होता. भाई पहिला आला, तर चाचांचं क्लॅरोनेट बंद. मग चाचा भाईला का शिकवतायत?

विचारायचं धाडस झालं नाही. मी विचारणार तरी कशी, मी तर तिथं नव्हतेच!

*

यात्रेच्या आधी आठवडाभर खुटबावहून कमिटीचे अध्यक्ष आले. त्यांना परीक्षक मिळत नव्हता. ते बाबूचाचांना न्यायला आले होते!

अब्बा म्हणाले, “अहो, आमचाच पोरगा स्पर्धेत हाय. घरचा माणूस परीक्षक कसा चालंल?”

अध्यक्ष हसले. “चालतंय की! चाचांना आम्ही वळखतो. घरच्यालाच आधी नापास करतील.”

अब्बांचा चेहरा उतरला. कारण आता भाईला पहिला नंबर द्यायचा, तर तो चाचांनीच द्यायचा होता, आणि दिला की स्वतःचं क्लॅरोनेट पेटीत! अब्बा अध्यक्षांना नको म्हणणार होते, तेवढ्यात बाबूचाचांनी विचारलं, “फेटा तुम्ही आणणार का मी आणू?”

*

स्पर्धा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होती. समोर खुर्चीत बाबूचाचा, डोक्याला फेटा. मी आणि धोंडीआप्पा ट्रॉलीच्या बाजूला.

पहिल्या पार्टीचा कीबोर्डवाला फारच भारी निघाला. दोन्ही हात असे पळत होते की लोक उभं राहून बघायला लागले. मधेच त्यानं घाम पुसायला रुमाल काढला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. गाणं चालूच! कीबोर्ड विकत घेताना त्यात भरून येतं ते गाणं होतं ते. बाबूचाचांनी शांतपणे माईक मागितला आणि म्हणाले, “यंत्राचं झालं आसंल, तर आता तुम्ही वाजवा.”

मग कारेगावचा मुन्ना आला. मूळचा बिहारकडचा, कारेगावच्या कंपनीत कामाला. त्याच्याबरोबर पार्टी नव्हती, ढोल नव्हता, काही नव्हतं. त्याच्या कीबोर्डाच्या डाव्या कडेला एक चाक होतं. त्यानं एक सूर दाबला आणि चाक फिरवायला लागला. सूर वर चढला, पण पुढच्या सुरावर गेलाच नाही. दोन सुरांच्या मधे कुठंतरी घुटमळत राहिला, मग मागं सरकला, मग पुन्हा निघाला. इतकं हळू, की काही लोक उठून जिलबी आणायला गेले. एकानं शिट्टी मारली. “आरं, पुढं जा की!”

बाबूचाचा मात्र खुर्चीतून उठून ट्रॉलीला छाती टेकून उभे होते. फेटा कानावर आला होता.

शेवटी भाई. त्यानं वाजवलं, आणि धोंडीआप्पांनी माझा दंड धरला. ओळीच्या शेवटी घागर होती. मधे विडीच्या कागदाचा फाटका आवाज. जिथं चाचांची बोटं पाठीवर टेकायची तिथं हात वर. आणि खाली ताल कसला, तर टुक, टुक, टुक! भाई कधी निमोण्याला जाऊन टेपवर ते इंजिन भरून आला होता, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटी ताल हळू व्हायला लागला. टुक... टुक... सगळं मैदान एक पाय वर करून थांबलं. आणि मग शिट्ट्या!

“पोरी, हे समदं आमचंच हाय की गं!” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज घागरीतून आल्यासारखा येत होता.

बाबूचाचा निकाल सांगायला माईकवर गेले. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या पार्ट्यांचे मालक पुढं बसलेले.

“सलीमनं लई ग्वाड वाजवलं. पण त्यातली घागर माझी हाय. फाटका आवाज माझा, इंजिन माझं, आन् श्वासबी माझाच. कसं करायचं ते आता कुणाला पायजेल त्यानं मला इचारा, मी सांगतो.” मग त्यांनी घागरीपासून विडीच्या कागदापर्यंत सगळं लाउडस्पीकरवर सांगून टाकलं! अब्बांनी कपाळाला हात लावला. “पोरानं समदं जपून ठिवलं, म्हणून त्याला दुसरा नंबर. पहिला ह्या कारेगावच्या पोराचा. त्यानं केलं ते मला हयातीत सुचलं न्हाई.”

टाळ्या कमी आणि कुजबुज जास्त झाली. भाई टेम्पोत माझ्याजवळ बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “वाचवली ना स्वतःची जागा!”

बाबूचाचा पुढं ड्रायव्हरजवळ बसले होते. त्यांनी ऐकलं. फेटा सोडून मांडीवर ठेवला.

*

आता शेवटचा. हा तर अजिबातच सांगायचा नाही.

यात्रेनंतर बाबूचाचा दुकानात यायचेच बंद झाले. पेटी फळीवर तशीच. कीबोर्ड पुण्याला परत द्यायचा म्हणून बांधून ठेवलेला. भाई कुणाशी बोलेना. अब्बांनी आप्पांना विचारलं, तर आप्पा ट्रम्पेट पुसत म्हणाले, “कारेगावला जातो रोज सकाळच्या एसटीनं. का, ते मला इचारू नका.”

रविवारी अब्बा निघाले आणि मलाही बरोबर घेतलं. कारेगावला कंपनीतल्या पोरांच्या खोल्यांची चाळ आहे. बाहेर दोरीवर निळे शर्ट वाळत होते. एका खोलीतून आवाज येत होता. एकच सूर, कुठंच न पोचणारा, आणि मधेच घसरून पडणारा.

दार उघडंच होतं. बाबूचाचा फरशीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर कीबोर्ड. बाजूला मुन्ना, त्यानं चाचांचं मनगट धरलेलं. “धीरे चाचा, धीरे! भाग कहाँ रहे हो?” आणि त्यानं चक्क चाचांच्या हातावर चापट मारली! चाचांनी एखाद्या पोरासारखा हात मागं घेतला आणि पुन्हा चाकावर ठेवला.

अब्बांना बघून मुन्ना उठला. चाचा उठले नाहीत.

“चाचा, चला,” अब्बा म्हणाले. “जागा तुमचीच हाय. मंगळवारच्या लग्नाची सुपारी घेतलीय मी. क्लॅरोनेट कोण वाजवणार?”

बाबूचाचांनी चाकावरची नजर काढलीसुद्धा नाही.

“सलीमच्या कीबोर्डात हाय की. दाब बटण.”

 चाचांनी सूर दाबला आणि चाक हळूच वर ढकललं. या वेळी तो पडला नाही. अब्बा बराच वेळ उंबऱ्यात उभे होते. मग त्यांनी चप्पल काढली, आत गेले, भिंतीला टेकून चाचांच्या शेजारी बसले, आणि डोळे मिटून ऐकायला लागले. मग...

अम्मी हाक मारतीये. नळाला पाणी आलंय, हंडे भरायचेत!